गरम नारळपाणी, टाटा हॉस्पिटल आणि नोबेल: या हवाल्यांची पत कशी जोखायची?

रविवारची_पुरवणी

साप्ताहिकातल्या दावा-तपासणीच्या सदरासाठी मदत हवी आहे. फॉरवर्ड जुनाच: कपात नारळाचे दोन-तीन पातळ काप टाका, वरून गरम पाणी ओता, पाणी 'अल्कधर्मी' होतं आणि कॅन्सरच्या पेशी मरतात. खाली टाटा मेमोरियलचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव.

दावा खोटा आहे, त्याबद्दल शंका नाही. अडचण वाचकांच्या हवाल्यांची आहे. एक जण टाटाचं नाव पुढे करतो. दुसरा म्हणतो, जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्गला १९३१ साली याच शोधाबद्दल नोबेल मिळालं. तिसरा हळदीवरच्या पेपरची पबमेड (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) लिंक डकवून विचारतो, 'मग हे काय खोटं आहे?' अशा वेळी 'व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य कुचकामी ठरतं, कारण व्हॉट्सॲपचा हवाला कुणी देतच नाहीये. प्रत्येक हवाला कसा तपासावा, आणि कुठे थांबावं?

मूळ_प्रत

टाटाच्या नावाबाबत प्रश्न एवढाच की डॉ. बडवे असं बोलले का. नारळाचं रसायनशास्त्र इथे आणूच नका.

फॉरवर्डमधलं सगळ्यात चमत्कारिक वाक्य उचला. 'नारळ', 'कॅन्सर' हे शब्द शोधून काही हाती लागत नाही. इथे ते वाक्य म्हणजे 'हे पत्रक मिळालेल्या प्रत्येकाने दहा जणांना पाठवलं, तर एक तरी जीव नक्की वाचेल' अशा अर्थाचं. त्याचं इंग्रजी रूप अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य लिंबाच्या फॉरवर्डमध्ये बीजिंगच्या लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या तोंडी सापडतं, अननसाच्या फॉरवर्डमध्येही सापडतं. फळ बदलतं, डॉक्टर बदलतात, प्रती मात्र दहाच! ही तिन्ही रूपं शेजारी-शेजारी छापलीत तर निम्मं काम तिथेच होईल.

मग नकार शोधा. २०१९ साली टाटा मेमोरियलने खुलासा काढून हे विधान डॉ. बडवे यांचं नसल्याचं सांगितलं. दाखला त्या खुलाशाचा द्या, त्यावरच्या बातम्यांचा नको. पाच पोर्टलांवर एकच मजकूर असेल तर तो स्रोत एकच धरायचा. रुग्णालयात फोन करणार असाल तर क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या, फॉरवर्डमधला लावू नका. पुढे कधी एखाद्या नावाबाबत असा खुलासा मिळाला नाही, तर 'ते असं बोललेच नाहीत' असं ठोकून देऊ नका. 'असं विधान त्यांच्या कुठल्याही अधिकृत माध्यमावर आढळत नाही' इथवरच जायचं.

सामू_सात

वारबुर्ग प्रकरण जास्त चिवट आहे, कारण त्यात खरं बरंच आहे.

१९३१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, हे खरं. नोबेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक पुरस्कारापुढे तो कशासाठी दिला ते एका ओळीत असतं. वारबुर्गपुढे श्वसनाच्या विकराचं (एन्झाइमचं) स्वरूप आणि कार्यपद्धती यांचा शोध असं लिहिलंय, त्यात कॅन्सरचा उल्लेखच नाही. ऑक्सिजन हाताशी असूनही कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे त्याचं १९२०च्या दशकातलं निरीक्षणही खरं. कॅन्सरच्या गाठी शोधणारा पेट स्कॅन गाठीच्या याच ग्लुकोजच्या भुकेवर चालतो. पुढे १९६६ साली लिंडाऊच्या नोबेल विजेत्यांच्या सभेत त्याने हे किण्वन (आंबवणं) म्हणजेच कॅन्सरचं मूळ कारण, असं ठासून मांडलं. फॉरवर्डवाले हे १९६६चं मत १९३१च्या पदकाला चिकटवतात. म्हणून नोबेल विजेत्याचं नाव दिसलं की पुरस्काराचं कारण आणि विधानाचं साल वेगवेगळं लिहून काढा.

विधान खरंच त्या माणसाचं निघालं, तरी ते बरोबर ठरतं असं नाही. लायनस पॉलिंगकडे दोन नोबेल होती आणि कॅन्सरवर क जीवनसत्त्व चालतं असा त्याचा आग्रह होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रोज १० ग्रॅम तोंडावाटे देऊन केलेल्या चाचण्यांत (१९७९ आणि १९८५) रुग्णांना फायदा दिसला नाही.

आता सामू, म्हणजे पीएच: ७च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात. कपभर पाण्याने तो हलत नाही. लघवीचा मात्र साधारण ४.५ ते ८ असा हलतो, म्हणून पट्टी बुडवून 'बघा, शरीर अल्कधर्मी झालं' असे व्हिडिओ बनवता येतात. पट्टीचा रंग खरा असतो, निष्कर्ष खोटा. गाठीभोवती आम्लता असते हेही खरं, पण ती गाठीनेच बाहेर टाकलेली असते. आणि प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवतात तो द्रव ७.४च्या आसपासचा, म्हणजे किंचित अल्कधर्मीच असतो! त्यात त्या झकास वाढतात. शिवाय नारळपाण्याचा स्वतःचा सामू ५च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी.

एकच दाखला द्यायचा तर बीएमजे ओपन या वैद्यकीय जर्नलमधला २०१६चा आढावा द्या. आहारातलं आम्ल, अल्कधर्मी पाणी आणि कॅन्सर यांवर ८,२७८ नोंदी चाळल्या, २५२ सारांश वाचले, निकषांत बसला एकच अभ्यास. तो मूत्राशयाच्या कॅन्सरवरचा होता आणि त्यातही संबंध आढळला नाही.

तळटीप_वाचक

वर दोघांनी लिहिलंय त्याला दुजोरा. पबमेडबद्दल लिहितो.

पबमेड ही सूची आहे. तिथे नोंद असणं म्हणजे अमेरिकेच्या वैद्यकीय ग्रंथालयाने निष्कर्षाला दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडमधल्या निवडक जर्नलांच्या यादीत, सध्या घेतलं जातं का, हे त्याच ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलच्या नावाने तपासता येतं. पेपरच्या पानावर मागे घेतल्याची पट्टी आहे का तेही बघा, आणि डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक) हे क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेच्या शोधात टाका. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा विदा २०२३पासून तिथेच जोडलेला आहे. हळदीतल्या करक्युमिन या द्रव्याच्या बाबतीत ही पायरी गाळू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या कॅन्सर केंद्रातल्या नामवंत करक्युमिन-संशोधकाचे डझनाहून जास्त पेपर मागे घेतले गेलेत, पण त्यांचे दाखले अजून फिरताहेत.

जर्नल 'समीक्षित' (छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घेणारं) आहे एवढ्यावर विसंबणं धोक्याचं. २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकाच्या पत्रकाराने दगडफुलातल्या द्रव्याने कॅन्सर-पेशी मरतात असा बनावट पेपर ३०४ मुक्त (फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यातली चूक ढळढळीत होती. औषध अल्कोहोल असलेल्या द्रावणात विरघळवलं होतं, पण तुलनेच्या पेशींना अल्कोहोल दिलंच नव्हतं. आपल्याकडेही, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) तेव्हाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या जर्नलांचा नमुना तपासल्यावर त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जात बसली नाहीत. तो अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. त्यामुळे 'यूजीसीमान्य' हा शिक्का दाखवला तरी जर्नल बघाच.

आता पेपर उघडा आणि सारांश सोडून थेट पद्धतीच्या भागात जा. प्रयोग कशावर झाला: बशीतल्या पेशी, उंदीर, की माणसं? पेशींवर असेल तर मात्रा बघा. करक्युमिनच्या अशा प्रयोगांत १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचं एकक) सर्रास वापरतात. माणसांना ८ ग्रॅम करक्युमिन देऊन २००१ साली मोजलं, तर रक्तातला सर्वोच्च आकडा सरासरी १.७७ मायक्रोमोलर आला. हे ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन बरं का, हळद नव्हे. हळदीत ते काही टक्केच असतं. म्हणजे पेपर खरा, जर्नल चांगलं, तरी 'दुधात हळद घाला, कॅन्सर जाईल' हे त्यातून निघत नाही. बशीत ब्लीच ओतलं तरी पेशी मरतात.

कडुनिंब

सगळं मान्य, पण 'घरगुती' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. कॅन्सरवरचं औषध व्हिंक्रिस्टिन आपल्या कुंडीतल्या सदाफुलीतूनच आलं, टॅक्सॉल हे दुसरं औषध झाडाच्या सालीतून. आणि लिंबूपाणी, हळद, कडुनिंबाने पत्नीचा कॅन्सर बरा झाला असं नवज्योतसिंग सिद्धूंनी सांगितलं, तिथे तर माणूस बरा झालेला समोर दिसतोय.

तळटीप_वाचक

सदाफुलीचं उदाहरण उत्तम, सदरात घ्याच. द्रव्य वेगळं काढलं, मात्रा ठरवली, माणसांवर चाचण्या झाल्या, म्हणून ते औषध झालं. प्रौढांना एका वेळी व्हिंक्रिस्टिन साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर जीव जातो. सदाफुलीची पानं चावून यातलं काहीच साधत नाही.

सिद्धूंच्या पत्नीच्या बाबतीत शस्त्रक्रिया आणि किमोथेरपीही झाली होती. बरं वाटण्याचं श्रेय त्यातून फक्त लिंबूपाणी-हळदीकडे कसं वळवणार? नोव्हेंबर २०२४मध्ये टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढलं, त्याचा दाखला द्या. मात्र २६२ हा आकडा पुरावा म्हणून मिरवू नका, नाहीतर समोरून कुणी तीनशे सह्या आणेल. हळद-कडुनिंबावर संशोधन चालू आहे, पण कॅन्सरवर वापर सुचवावा असा रुग्णांवरचा पुरावा नाही, हा त्या निवेदनातला मुद्दा उचला.

रविवारची_पुरवणी

सगळ्यांचे आभार. वारबुर्गची दोन सालं वेगळी काढायची युक्ती घेतो. मथळा 'गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो का?' असा ठेवला तर?

मूळ_प्रत

नको. फोनवर मथळाच दिसतो आणि प्रश्नचिन्ह लक्षात राहत नाही. 'नारळपाण्याचं ते विधान टाटाच्या डॉक्टरांचं नाही' असा सरळ मथळा द्या. फॉरवर्डचं चित्र छापणार असाल तर 'खोटं' हा शिक्का मजकुरावर आडवा, जाड अक्षरांत मारा. कोपऱ्यात मारलात तर लोक तेवढा कोपरा कापून चित्र पुढे पाठवतात, आणि मग ते तुमच्या साप्ताहिकाच्या नावाने फिरतं.