वजन चार आठवडे 78 वरच अडकलंय, आहार आणखी कमी करू का?

मदत हवी आहे. वय 41, उंची 168 सें.मी. तीन महिन्यांत 84 वरून 78 किलोवर आले, आता काटा हलत नाही. आहार 1,500 कॅलरींचा, रोज 45 मिनिटं चालणं, वजन दर सोमवारी. थायरॉइड नॉर्मल, औषध कुठलंही नाही. 1,200 वर येऊ का?

प्रतिसाद 1
नको. आधी वजन खरंच थांबलंय का ते बघा. आठवड्यातून एकदाच मोजलं की पाण्याची चढउतार चरबीच्या खात्यात जाते. आदल्या दिवशीचं खारट जेवण, पाळीआधीचे दिवस, बद्धकोष्ठता, यातलं काहीही एखादा किलो सहज लपवतं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्या आणि सात दिवसांच्या सरासऱ्या ताडून बघा. पाळी येत असेल तर मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी तुलना करा. काटा टणक फरशीवर ठेवा, गालिच्यावर आकडा चुकतो.

कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका पोटातल्या चरबीशी जास्त जोडलेला आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, तुमच्यासाठी 84 सें.मी.च्या आत.

प्रतिसाद 2
आणि ते 1,500 खरंच 1,500 आहेत का? बहुतेकदा हिशेब तेलात बिघडतो. तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. तेल ओतून बाटली परत ठेवा. उणे जेवढा आकडा दिसेल तेवढे ग्रॅम गेले. ग्रॅमला 9 कॅलरी.

प्रश्नकर्ती
तीन दिवस मोजलं. रोज 28 ग्रॅम भरतंय, वहीत 10 लिहीत होते!

प्रतिसाद 2
म्हणजे रोज 162 कॅलरी नोंदीबाहेर. पाऊण तासाच्या चालण्यातला बराचसा भाग त्यातच गेला. शिवाय सहा किलो उतरल्यावर शरीराचा रोजचा खर्चही घटतो, आणि कमी खाताना माणूस नकळत कमी हालचाल करतो. आधी तेलाची नोंद सुधारा, 1,200 चा विचार सोडा. एवढ्या कमी आहारात पुरेशी प्रथिनं बसवणं अवघड जातं आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर किलोमागे 1.2 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 90 ते 95 ग्रॅम प्रथिनं दोन-तीन जेवणांत विभागून घ्या. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, वजन उचलणं. प्रत्येकी 8 ते 12 वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात, नाहीतर वजन वाढवा.

प्रतिसाद 1
एक मनापासून सांगते, घाई करू नका. फार झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते. तुमचे 7 टक्के झालेत. चार आठवड्यांच्या सरासऱ्या आणि कमरेचं माप इथे टाका, मग पुढचं ठरवू.