मेंकनवर 20 मिनिटं बोलायचंय: काय घ्यावं, काय गाळावं?

पेठेतला_वाचक
शनिवार पेठेतल्या वाचनकट्ट्यावर अमेरिकन पत्रकार आणि संपादक एच. एल. मेंकनवर बोलायचं आहे. सनावळी जमलीय: जन्म बाल्टिमोर, 12 सप्टेंबर 1880. 1899 मध्ये वडील वारल्यावर सिगारचा घरचा धंदा सोडून तिथल्याच 'हेरल्ड' या दैनिकात बातमीदार, 1906 पासून 'सन' या दैनिकात. मृत्यू 29 जानेवारी 1956. पण एवढ्यातून माणूस उभा राहत नाही. भर कशावर द्यावा? आणि 'अमेरिकेचे आगरकर' हे शीर्षक चालेल का?

जुनेअंक
शीर्षक आधी बदला. आगरकरांना समाज सुधारायचा होता, त्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली. मेंकनच्या डोक्यात सगळ्यात आधी सुधारकच जायचे, त्यातही दारूबंदीवाले. भाषेच्या तडाख्यापुरते अत्रे जवळचे, तेही चिमूटभर.

भर बोस्टनवर द्या. 'अमेरिकन मर्क्युरी' हे त्याचं मासिक, जानेवारी 1924 मध्ये सुरू झालेलं. एप्रिल 1926 च्या अंकात हर्बर्ट ॲस्बरीचा एका खेड्यातल्या वेश्येवरचा लेख होता. बोस्टनच्या वॉच अँड वॉर्ड सोसायटीने (नीतिरक्षकांची संस्था) तो अश्लील ठरवला आणि एका विक्रेत्याला अटक झाली. मेंकनने फेरीवाल्याचा परवाना काढला, 5 एप्रिलला बोस्टन कॉमनवर गर्दीसमोर उभा राहिला आणि अंक थेट सोसायटीचा सचिव चेस यालाच विकला. किंमत अर्धा डॉलर. नाणं खरं आहे ना, म्हणून दाताखाली धरून पाहिलं! जागीच अटक, दोन दिवसांत निर्दोष सुटका.

बहुतेक वक्ते इथे टाळ्या घेऊन थांबतात. पण पुढे पोस्ट खात्याने तोच अंक टपालातून न्यायला मनाई केली. अंक तोवर वर्गणीदारांच्या घरी पोचले होते, मग मनाईचा उपयोग काय? धोका पुढच्या अंकांना होता. मासिकांना मिळणारा सवलतीचा टपालदर गेला असता तर धंदाच बसला असता. म्हणून छापून तयार असलेल्या मे अंकातला एक लेख काढून तो पुन्हा छापला. शूर संपादक टपालखर्चाला भ्यायला, हेही सांगा.

तळटीपवाला
मेंकनने वार्तांकन केलेला डेटन खटला (जुलै 1925; टेनेसीत उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून शिक्षकावर भरलेला) घेणार असाल तर दोन चुका टाळा.

एक, शिक्षकाचा वकील डॅरो याने फिर्यादी बाजूच्या ब्रायनची उलटतपासणी घेतली तेव्हा मेंकन तिथे नव्हता. आता काही घडणार नाही असं समजून तो आधीच डेटन सोडून गेला होता. चित्रपट पाहून आलेले हमखास त्याला तिथे बसवतात.

दोन, शिक्षा रद्द झाली ती उत्क्रांतिवाद जिंकला म्हणून नव्हे. टेनेसीत 50 डॉलरवरचा दंड ज्यूरीने ठरवायचा असतो. इथे 100 डॉलरचा दंड न्यायाधीशाने ठरवला. त्या तांत्रिक चुकीवर 1927 मध्ये निकाल फिरला.

आणि व्हाइट हाउसमधल्या पहिल्या बाथटबचा किस्सा इतिहास म्हणून सांगू नका. 28 डिसेंबर 1917 च्या 'न्यूयॉर्क इव्हनिंग मेल'मध्ये मेंकननेच ती थाप मारली. 1926 मध्ये त्याने कबुली दिली, तरी थाप चालूच आहे. थाप म्हणून सांगितलीत तर मात्र झकास.

पेठेतला_वाचक
डायरीचं काय करू? कट्ट्यावर कोणीतरी विचारणारच.

जुनेअंक
विचारायच्या आत सांगा, पाच मिनिटं द्या. 1930 ते 1948 ची डायरी, मृत्यूनंतर 25 वर्षं बंद ठेवायची अशी त्याचीच अट. छापली गेली 1989 मध्ये. ज्यूंबद्दल आणि कृष्णवर्णीयांबद्दल तिच्यात जे हिणकस लिहिलंय ते 'तेव्हा सगळेच तसे होते' म्हणून झाकू नका. कारण त्याच माणसाने 'मर्क्युरी'त ड्यू बॉइससारख्या कृष्णवर्णीय लेखकांना जागा दिली आणि 1935 मध्ये झुंडबळीविरोधी विधेयकाच्या बाजूने सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. दोन्ही बाजू सलग सांगा, मध्ये 'पण' घालू नका.

तळटीपवाला
शेवटासाठी तारखाच पुरतील. 9 नोव्हेंबर 1948 ला 'इव्हनिंग सन'मध्ये त्याचा शेवटचा लेख आला: बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधल्या टेनिस कोर्टवर गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळण्यावरच्या बंदीविरुद्ध. 23 नोव्हेंबरला पक्षाघात. त्यानंतर सात वर्षं जगला, पण लिहिणं-वाचणं गेलं ते गेलंच.

नाव मात्र 'मेनकेन' म्हणू नका, मेंकन.