ट्रॉयचा घोडा गेला कुठे?

पंचवटीकर: सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचं भाषांतर आणलं. चोविसावा सर्ग संपला, ट्रॉयच्या राजपुत्र हेक्टरचं दहनही झालं, पण ग्रीक सैनिक ज्यात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा आलाच नाही! पानं गहाळ आहेत का?

गंगाघाट: पानं शाबूत आहेत हो. होमरने ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातले थोडेच दिवस घेतलेत, ग्रीक वीर अकिलीस रुसतो तिथपासून. घोडा त्याच्याच दुसऱ्या महाकाव्यात, 'ओडिसी'त, आठव्या सर्गात. आंधळा गायक डेमोडोकस तो प्रसंग गातो आणि त्याच घोड्यात बसून गेलेला ओडिसियस ऐकताना ढसाढसा रडतो. माझ्या मते अख्ख्या घोड्यापेक्षा ते रडणं भारी.

सिडकोवाला: अकिलीसची टाच, म्हणजे त्याचं एकमेव मर्मस्थान, तरी आहे ना?

गंगाघाट: तीही नाही! पाचवा सर्ग मात्र पुन्हा वाचा. ग्रीक योद्धा डायोमिडीस प्रेमदेवता अफ्रोडाइटीच्या मनगटाला भाला मारतो, आणि देवी रडत आईकडे!

पंचवटीकर: आपल्याकडे शूर्पणखेचं नाक, तिकडे मनगट. 'ओडिसी' उद्याच आणतो.