मातीचं कार्ड आलं, पण खोली कुठाय त्याच्यात?

माणदेशी_कुळव:
सरकारी माती तपासणीचं कार्ड, मृदा आरोग्य पत्रिका, पडलं एकदाचं हातात. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, सामू (pH) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. अशा बारा गोष्टी मोजल्यात आणि शेवटी सांगितलंय काय, तर युरिया एवढा टाका, सुपर फॉस्फेट तेवढं टाका. आता माझं रान ऐका, सहा एकर, वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि खालच्या तालीला कंबरेइतकी काळी. दोन्हीला एकच कार्ड! कारण जिरायतीत १० हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना धरायचा नियम, बागायतीत तरी अडीच हेक्टरला आहे. बरं रब्बी ज्वारीचं वाण कृषी विद्यापीठच मातीच्या खोलीवरनं सांगतंय ना, फूटभर हलक्या रानात फुले अनुराधा, दोन फुटापर्यंत फुले सुचित्रा, त्याच्याहून खोल असेल तर फुले वसुधा. म्हणजे जे बघून बी घ्यायचं तेच कार्डावर नाही. आमच्याकडं ज्वारी सगळी जमिनीतल्या ओलीवर येती, मीटरभर काळीत पिकाच्या कामाचं पाणी साधारण १५० ते २०० मिमी आणि मुरमावरच्या वीतभर मातीत ४० मिमी असलं तर नशीब. हे युरियानं भरून निघणारे का? कोरडवाहूला पहिली परीक्षा कुदळीची, बाकीचं मागनं.

परीक्षानळी:
कुदळीनं जस्त दिसतं का दादा? १५ वर्षं मातीच्या लॅबमध्ये काढलीत म्हणून बोलतो. चुनखडीच्या रानात लोह असतं पण मुळाला मिळत नाही, कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, की लगेच आपला माणूस युरिया मारतो, पैसे गेले आणि पान पिवळं ते पिवळंच. हे कार्डानंच कळतं. आणि चौकोन सरकारचा आहे, तुम्हाला दोन नमुने वेगळे द्यायला कुणी अडवलंय? वरच्या तुकड्याचा एक, खालच्याचा एक. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, सगळी मिसळून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत तेच. लोक काय करतात माहितेय, बांधावरच्या झाडाखालची माती युरियाच्या रिकाम्या गोणीत भरून आणतात आणि वर विचारतात, नत्र किती निघालं 😅

पुणेकर_शेतकरी:
सुट्टीला गावी येणाऱ्यानं खड्डे कधी खणायचे? मजूर मिळत नाही. एखादं ॲप नाही का खोली सांगणारं?

माणदेशी_कुळव:
पुणेकर, ॲप सोडा. शेजाऱ्यानं पाइपलाइनचा चर खणला की जाऊन उभे राहा त्यात, नाहीतर विहिरीची कड बघा, ओढ्याची दरड बघा. कुठं काळी संपती, कुठं चुनखडीचे खडे लागतात, मुळं कुठवर गेलीत, सगळं फुकटात दिसतंय.

बांधावरची_बोर:
तुम्ही दोघं भांडा, मी काय केलं ते सांगते. दोन काचेचे ग्लास घेतले पाण्याचे. एकात बांधावरच्या गवताखालचं वाळलेलं ढेकूळ, दुसऱ्यात तुरीच्या रानातलं, दोन्ही लिंबाएवढी. रानातलं दोन मिनिटात भसकन बसलं, पार चिखल. बांधावरचं मी भाकरी थापून, जेवून आले तरी तसंच्या तसं. मधे अंतर किती, दहा पावलं. सासूबाई म्हणाल्या, बांधाला ट्रॅक्टर लागत नाही न काडीकचरा कुणी पेटवत नाही, म्हणून. माती धरून राहात नसली तर पहिल्याच वळवाला वर पापडी धरणार आणि पाणी ओढ्याला जाणार, मग खाली खोल काळी असून तरी काय उपयोग. हे ना कार्डावर ना कुदळीत.

परीक्षानळी:
ताई, ग्लास भारी, पण अर्धवट वाचताय. पाणी नंतर नितळलं का? ढेकूळ फुटून पाणी नितळ झालं तर कर्ब कमी, शेणखत, काडीकचरा गाडा. पण दुसऱ्या दिवशीपण दुधाळच राहिलं तर सोडियमची शंका, म्हणजे जमीन चोपण (सोडियम साठून घट्ट) व्हायला लागलीय, तिथं नुसतं शेणखत पुरत नाही, सोडियम हटवणाऱ्या जिप्समचा हिशोब करावा लागतो आणि तो लॅबशिवाय होत नाही. बोअरचं पाणी देता का?

माणदेशी_कुळव:
आली गाडी परत लॅबवर 😀 पण हे नितळायचं मला नव्हतं माहीत.

बांधावरची_बोर:
रानातल्या ढेकळाचा ग्लास काल सकाळपासनं खिडकीत आहे, आत्ता बघून आले. गढूळच आहे. तुरीला दोन पाणी बोअरचंच दिलंय यंदा, चहाला चव येत नाही म्हणून घरात वापरत नाही ते.

परीक्षानळी:
मग वरची वीतभर एक आणि दोन फुटाखालची एक, दोन वेगळ्या पिशव्या द्या लॅबला. बोअरचं पाणीपण बाटलीत द्या. आणि पिशव्या कापडी घ्या, खताची गोणी नको.