नवीन वर्षाला प्रार्थना परत सुरू करायचीय, कुठनं सुरू करू?

उद्यमबागवाला
सगळ्यांना जय ख्रिस्त. मी बेळगावचाच, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. पप्पा जाऊन ह्या डिसेंबरला तीन वर्षं झाली, तेव्हापासनं माझी प्रार्थना बंदच पडलीय म्हटलं तरी चालेल. चर्चला जातो, आईला गाडीवरनं न्यायचं असतं म्हणून, गाणी पण म्हणतो, पण आत काही हलत नाही. दर १ जानेवारीला ठरवतो यंदा अख्खं बायबल वाचायचं, ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन, उत्पत्ती होतं, निर्गम होतं आणि जानेवारी संपता संपता लेवीय सुरू झालं की त्या अर्पणांच्या नियमांत अडकतो, दोन दिवस चुकतात मग आठवडा चुकतो मग बायबल परत कपाटावर.

परवा कॅम्पात ओल्ड मॅनचे पुतळे बघितले. लहानपणी आम्ही घरीच करायचो, पप्पांची जुनी पँट नि शर्ट, आत पिंजर आणि फटाके भरायचे, ३१ च्या रात्री बाराला पेटवायचं. सरलं वर्ष जळालं म्हणून सगळी पोरं ओरडायची. आता वाटतं माझ्यातलं पण असं काहीतरी जळून जावं, पण सकाळी उठलं की तोच मी. कोणी ह्यातनं गेलं असेल तर सांगा की, मनापासनं विचारायलोय.

कॅम्पातली मावशी
बाळा, पप्पांचं ऐकून वाईट वाटलं. तू आईला नेऊन सोडतोस ना, ती पण सेवाच आहे, ती कमी समजू नकोस.

आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ. आमच्यात वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना असते, जॉन वेस्लीनं ती १७५५ मध्ये लंडनला सुरू केली. बेळगावात १८२० ला लंडन मिशनचे लोक आले, पुढं ते काम मेथडिस्टांकडं गेलं आणि ही रीत आपल्याकडं आली. त्यात आपण काय काय करणार ह्याची यादी नसते बघ, उलट देवाला सांगायचं असतं की मी आता माझा राहिलो नाही, मला कामाला लाव नाहीतर बाजूला बसव, भरलेलं ठेव नाहीतर रिकामं ठेव. कितीतरी वर्षं हे मी तोंडपाठ म्हणत होते. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने खाटेवर, संडे स्कूल सुटलं, महिला मंडळ सुटलं, तेव्हा कळलं बाजूला बसव म्हणजे काय ते. खूप रडले. पण खिडकीतनं रस्त्यावरनं जाणाऱ्या एकेकासाठी प्रार्थना करायला मी त्या चार महिन्यांत शिकले. तुझ्याकडं आत्ता काही नाही म्हणतोस तर रिकामा आहे असंच सांग त्याला, तेवढी प्रार्थना पुरे होते.

खानापूर शिवार
तुम्ही तीन वर्षं म्हटलं म्हणून बायबलातला लूक १३ आठवला. अंजिराचं झाड, तीन वर्षं मालक फळ बघायला येतोय आणि फळ नाही, तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, मी भोवतीनं खणतो, खत घालतो.

माझी आंब्याची झाडं आहेत म्हणून सांगतो, खणायचं काम झाडाचं नसतंय. झाडानं नुसतं उभं राहायचं. आणि खत आम्ही बुंध्याला घालत नाही, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं गोल चर काढायचा आणि त्यात कुजलेलं शेणखत घालायचं, कच्चं घातलं तर मुळं जळतात. खणताना बारीक मुळं तुटतात पण, त्याला इलाज नाही, पुढं तिथंच नवीन फुटतात. तुम्हाला ह्या तीन वर्षांत जे दुखलंय ते सगळं वाया गेलं असं मला तरी वाटत नाही. ते कुजायला वेळ लागतोय. आणि त्या गोष्टीत पुढं फळ आलं का नाही ते येशूनं सांगितलेलंच नाही, माळी हातात खोरं घेऊन उभा आहे तिथंच गोष्ट थांबते. लेवीय राहू द्या सध्या. मार्क वाचा, सोळाच अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तरी साधारण महिन्यात होतो.

संतिबस्तवाडकर
आम्ही कॅथलिक, आमच्यात १ जानेवारी म्हणजे देवमातेचा सण, नाताळापासनं आठवा दिवस. त्या दिवशीच्या मिसाला, म्हणजे चर्चातल्या उपासनेला, लूक २ वाचतात, मेंढपाळ येऊन जातात आणि मरिया सगळ्या गोष्टी मनात ठेवून विचार करत राहते. तिलाही लगेच सगळं उलगडलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं भावा.

उद्यमबागवाला
सगळ्यांचे आभार. काल रात्री पप्पांचंच बायबल काढलं, लूक १३ आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली परत वाच. परत वाचला. मग दोघं बराच वेळ तसेच बसलो, तीन वर्षांत पहिल्यांदा पप्पांबद्दल बोललो.

३१ ला माझी सेकंड शिफ्ट आहे, साडेअकराला सुटतो. मावशी, आईला आधीच आणून सोडतो, वॉचनाईटला, त्या रात्रीच्या उपासनेला, मागच्या बाकावर माझी एक जागा धरा, कामाच्या कपड्यांवरच येतो.