सोवेटोची पोरं मातृभाषेसाठी मेली नाहीत हो

खडूस_मास्तर:
काल रानफूल यांनी १६ जूनच्या निमित्ताने लिहिलं, 'सोवेटोतल्या मुलांनी १९७६ साली मातृभाषेसाठी गोळ्या झेलल्या आणि आपण मराठी शाळा बंद पाडतोय.' खाली टाळ्यांचा पाऊस! अहो, सोवेटो ही दक्षिण आफ्रिकेतली काळ्यांची वस्ती, आणि मातृभाषेची सक्ती तिथल्या वर्णद्वेषी सरकारचीच होती. १९५३च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर काळ्या मुलांना प्राथमिक शाळेत झुलू, सोथो वगैरेच. का, तर पोर मजुरीच्या वर जाऊ नये. मग १९७४मध्ये फतवा आला, गणितासकट निम्मे विषय आफ्रिकान्समध्ये, म्हणजे गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेत. त्याविरुद्धच १९७६चा तो मोर्चा. पोरांना आफ्रिकान्स नको होती. इंग्रजी चालत होती!

रानफूल:
बरं, तपशील चुकला. भावना चुकली का? लादलेलीच भाषा ना? आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला होता, २०२५मध्ये मागे घ्यायला लावला. त्यात वेगळं काय?

चहा_बिस्किट:
मास्तर, शंभर टक्के. मी झेडपीच्या शाळेतला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सर काय बोलतायत ते दिवाळीपर्यंत कळलं नाही, दोन विषय राहिले. मराठी वाचवा म्हणणाऱ्यांची पोरं कुठल्या बोर्डात असतात, तेही एकदा लिहा.

रानफूल:
माझ्या मुलीवर यायचं काम नाही.

चहा_बिस्किट:
म्हणजे सीबीएसई.

रानफूल:
हो, सीबीएसई! जवळची मराठी शाळा पटाअभावी बंद झाली. खूश?

गावठी_गणित:
मी उलट. सातवीपर्यंत मराठीतून शिकले म्हणून गणित पक्कं झालं, आज तेच शिकवते. तुमचे दोन विषय भाषेमुळे राहिले की कॅन्टीनमुळे?

चहा_बिस्किट:
ताई, तुमच्या वडिलांची पुस्तकांची कपाटं होती. आमच्याकडे कपाटच नव्हतं.

खडूस_मास्तर:
झालं, मराठी-इंग्रजीची कुस्ती लागली, सोवेटो गेलं वाऱ्यावर. भाषा ही शेवटची ठिणगी हो. त्या सुमारास सरकार गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड खर्चायचं, काळ्यामागे ४२. आणि रानफूल, तुम्ही जो फोटो डकवलात, सॅम न्झिमांनी काढलेला, त्यातला पोलिसांच्या गोळीने मेलेला हेक्टर पीटरसन १२ वर्षांचा होता. शेजारून धावतेय ती त्याची बहीण. त्याला उचलून धावणारा म्बुइसा मखुबो पोलिसांच्या जाचाने देशाबाहेर गेला तो परतलाच नाही. त्या फोटोवर तुम्ही 'मराठी वाचवा' छापलंत. भगव्या अक्षरांत.

रानफूल:
फोटो काढला. ते खरंच बरं दिसत नव्हतं.
पण आवाज खाली ठेवा, मी तुमच्या वर्गात नाही. आणि 'मातृभाषेसाठी'च्या जागी आता काय लिहू, तेही सांगा. 'इंग्रजीसाठी' लिहिलं तर हा चहा_बिस्किट ते स्टेटसला ठेवून वर्षभर नाचेल.

चहा_बिस्किट:
स्क्रीनशॉट काढलाय.