मदत हवी आहे: रिटुक्सिमॅब टाकल्यावर सीडी२० गायब, पण बी सेल मरतच नाहीत

चिकूची_फोड
नमस्कार, प्लीज कुणीतरी लवकर सांगा, शुक्रवारी लॅब मीटिंग आहे. ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) पेशंटच्या पीबीएमसीवर (रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशी) रिटुक्सिमॅब (बी सेलवरच्या सीडी२० या प्रथिनाला चिकटून त्या मारणारी अँटीबॉडी) लावून रात्रभर ठेवतेय, सकाळी फ्लोवर (रंगवलेल्या सेल मोजणारं मशीन) बघितलं की सीडी२० पॉझिटिव्ह सेल जवळजवळ शून्य, पण डेड सेलचा डाय बघावा तर कंट्रोल वेलइतकाच, म्हणजे मेलेलं कोणी नाही आणि जिवंतही कोणी दिसत नाही, मग सेल गेल्या कुठे?? गाइड म्हणतात गेटिंग (कुठल्या सेल मोजायच्या ते निवडणं) चुकलंय, परत कर. सॅम्पल संपत आलेत, परत कुठून आणू. अँटीबॉडी खराब झाली असेल का?

दगडफूल
खराब असती तर सीडी२० गायब कशाला झालं असतं? सीडी२० बघायला रंगवाल्या अँटीबॉडीचा कुठला क्लोन (प्रकार) वापरतेस ते लिही. मीडियात सिरम कुठलं? सेल ताज्या की फ्रोझन? एवढं कळल्याशिवाय सगळे हवेत बाण मारणार.

रानभूल
मला हे सरळसरळ ट्रोगोसायटोसिस वाटतंय. बी सेलवर रिटुक्सिमॅब बसलं की त्याचा एफसी भाग (अँटीबॉडीचं शेपूट) मोनोसाइटच्या (गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) रिसेप्टरला अडकतो, आणि मोनोसाइट अख्खी सेल न गिळता तेवढाच सीडी२०चा भाग ओरबाडून घेतो. सेल जिवंत राहते, सीडी२० तेवढं जातं. पीबीएमसीत मोनोसाइट भरपूर असतात. माझ्या पीएचडीत याच गोष्टीने छळलं होतं. मोनोसाइट काढून टाक आणि परत कर.

दगडफूल
रानभूल, एवढ्या लांब जायच्या आधी साधी गोष्ट बघू. २एच७ क्लोन असेल तर तो आणि रिटुक्सिमॅब सीडी२०च्या एकाच जागेवर बसायला बघतात. रिटुक्सिमॅब आधी बसलं की रंगवाली अँटीबॉडी बसणार कुठे. सीडी२० तिथेच असतं, दिसत नाही इतकंच.

रानभूल
मास्किंग, म्हणजे हे झाकलं जाणं, मलाही माहीत आहे, पण प्रत्येक वेळी मास्किंग म्हणून सोडून देतात आणि खरी बायोलॉजी हातची जाते. शिवाय रिटुक्सिमॅबसारख्या टाइप १ अँटीबॉडीने सीडी२० सेलच्या आतही ओढलं जातं. ओबिनुटुझुमॅब (सीडी२०वरचीच दुसरी अँटीबॉडी) टाइप २ आहे, त्याच्यात ते बरंच कमी होतं.

कोल्हापुरी_काकू
मी सायन्सची नाही, पण माझ्या आईला आमवातासाठी हेच इंजेक्शन दिलं, १००० मिग्रॅ, पंधरा दिवसांनी परत तेवढंच. नंतर जी रक्ताची टेस्ट लिहून दिली त्यावर सीडी१९ काउंट असं होतं, सीडी२० नव्हतं. आईला खूप फरक पडला, सकाळी बोटं वळत नव्हती ती आता भाकरी थापते. पण फ्लूची लस कधी द्यायची हे कुणी सांगेल का?

दगडफूल
काकू, तुम्ही नेमकं लिहिलंत. दवाखान्यात सीडी१९ (बी सेलवरचंच दुसरं प्रथिन) मोजतात ते याचसाठी, रिटुक्सिमॅब त्याला हात लावत नाही. चिकू, तू सीडी१९ लावलं होतंस का?

मध्यरात्र
अँटीबॉडी सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट केली का? माझ्या भावाला अडालिमुमॅब (टीएनएफ हा सूज वाढवणारा घटक दाबणारं औषध) देताना छातीचा एक्सरे आणि टीबी गोल्ड (रक्ताची टेस्ट) दोन्ही करायला लावलं होतं. आपल्याकडे सुप्त टीबी खूप जणांत असतो आणि टीएनएफ दाबलं की तो उसळतो.

दगडफूल
मध्यरात्र, मुद्दा बरोबर आहे पण तो टीएनएफवाल्या औषधांचा. रिटुक्सिमॅबच्या आधी आवर्जून बघायचा तो हेपॅटायटिस बी. आणि इथे पेशंट नाही, प्लेट आहे.

नवी_पालवी
माझं मत, बी सेल मारायच्या असतील तर अँटीबॉडीवर वेळ कशाला घालवायचा. ल्युपसमध्ये रिटुक्सिमॅबच्या एक्सप्लोरर आणि लुनार या दोन्ही मोठ्या ट्रायल फसल्या. उलट जर्मनीत एर्लांगेनला सीडी१९ कार-टी (सीडी१९वाल्या सेल मारायला लॅबमध्ये बदललेल्या टी सेल) देऊन ल्युपसचे पाच पेशंट बरे राहिल्याचं २०२२ मध्ये छापून आलं. आपल्याकडेही आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या कार-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळालीय.

रानभूल
नेक्सकार१९ची मंजुरी ब्लड कॅन्सरसाठी आहे, ल्युपससाठी नाही, गल्लत नको. आणि ट्रायल फसली म्हणजे औषध निरुपयोगी असं होत नाही. रक्तातल्या बी सेल जातात, लिम्फ नोडमधल्या उरतात, प्लाझ्मा सेलवर सीडी२० नसतंच म्हणून त्या अँटीबॉडी बनवत राहतात. त्यातच बी सेल घटल्यावर बाफ (बी सेलला जगवणारं प्रथिन) वाढतं आणि नव्या येणाऱ्या बी सेलला तेच टॉनिक मिळतं. पेम्फिगसमध्ये (त्वचेवर फोड येणारा आजार) मात्र हेच औषध इतकं चाललं की २०१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी मंजुरी मिळाली.

नवी_पालवी
मग एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) का चालतं? तिथे तर सीएसएफमधल्या (मेंदूभोवतीचं पाणी) अँटीबॉडी तशाच राहतात.

रानभूल
कारण बी सेल फक्त अँटीबॉडी बनवत नाहीत, टी सेलला अँटिजेन दाखवतात, सायटोकाइन सोडतात. एमएसमधल्या रिटुक्सिमॅबच्या २००८च्या हर्मिस ट्रायलमध्ये मेंदूतले नवे डाग काही आठवड्यांत कमी झाले, अँटीबॉडी उतरायची वाट बघावी लागली नाही. मला हा सगळ्यात भारी धडा वाटतो.

चिकूची_फोड
सगळ्यांना थँक्यू, एकदम लिहिते. क्लोन २एच७च आहे. सीडी१९ पॅनेलमध्ये नव्हतं. मीडियात एफबीएस (गाईच्या गर्भाचं सिरम), हीट इनॅक्टिव्हेटेड म्हणजे तापवलेलं. सेल फ्रोझन. आता सांगा.

दगडफूल
हे आधी लिहिलं असतंस तर निम्मा धागा वाचला असता. बर्फावर वीस मिनिटं रिटुक्सिमॅब लाव, लगेच २एच७ आणि सीडी१९ने स्टेन कर. थंडीत ओरबाडणं किंवा आत ओढणं होतच नाही म्हणता येईल, तरी सीडी२० गेलं तर मास्किंग. आता न मरण्याचं. ५६ अंशाला अर्धा तास तापवलेल्या सिरममध्ये कॉम्प्लिमेंट (सेल फोडणारी रक्तातली प्रथिनं) उरत नाही, म्हणजे एक रस्ता बंद. दुसरा रस्ता एनके सेलचा (अँटीबॉडी चिकटलेल्या सेल मारणाऱ्या पेशी), आणि फ्रीझरमधून काढलेले एनके सुस्त असतात. मग मारणार कोण?

रानभूल
निरोगी माणसाचं ताजं सिरम घे, पेशंटचं नको. ल्युपस भडकलेला असताना कॉम्प्लिमेंटमधले सी३, सी४ आधीच उतरलेले असतात. आणि एनकेसाठी वेगळी वेल ठेव, सिरममधला साधा आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटीबॉडी) सीडी१६ (एनकेवरचा एफसी पकडणारा रिसेप्टर) अडवून बसतो. टक्क्यांवर जाऊ नकोस, काउंटिंग बीड्स (मोजून टाकलेले मणी, त्यावरून सेलचा खरा आकडा निघतो) टाक, कारण फुटून गेलेली सेल डेड गेटमध्ये दिसत नाही.

चिकूची_फोड
बर्फावरचं आत्ताच करून आले, निरोगी डोनरच्या सेलवर, पेशंटचं सॅम्पल वापरलं नाही. सीडी२० गेलं, सीडी१९ जसंच्या तसं!! म्हणजे मास्किंग. रानभूल, मोनोसाइट काढून रात्रभरवालं पण लावणार आहे, तुमचं म्हणणं सोडलेलं नाही. कंट्रोल अँटीबॉडी कुठली घेऊ? आत्तापर्यंत नुसता पीबीएस (मिठाचं द्रावण) टाकत होते.

रानभूल
ट्रास्टुझुमॅब (हर२ या प्रथिनाला चिकटणारी कॅन्सरची अँटीबॉडी). तीही रिटुक्सिमॅबसारखी आयजीजी१, बी सेलवर हर२ नाही, म्हणजे एफसी तोच आणि निशाणा वेगळा. दोन्ही एकाच कॉन्सन्ट्रेशनला लाव.

कोल्हापुरी_काकू
माझं लसीचं राहिलंच की हो.

दगडफूल
काकू, बी सेल नसताना लस नीट लागू पडत नाही म्हणून शक्यतो पुढच्या डोसच्या आधी काही आठवडे देतात, आणि जिवंत विषाणूची लस टाळतात. आईंचा पुढचा डोस कधी आहे ते सांगून त्यांच्या डॉक्टरांकडून तारीख ठरवून घ्या.